दुपारच्या तासाची गाणी

आईला चालतं करायला गाणी लावायची, हे फिजिओथेरपीसाठी घरी येणाऱ्या मुलीनं सुचवलं.

"ठेका पक्का असलेली शोधा," ती मला म्हणाली. "पाऊल ठेक्यावर पडायला लागलं की माणूस पायाचा विचार करायचं सोडतो. डिस्को वगैरे चालेल. आजींना आवडत असेल तर."

"आवडत असेल तर?" पलंगावरून आई म्हणाली. "अगं, डिस्कोवर पोट भरलंय आम्ही."

महिनाभरात आई एवढ्या उत्साहानं पहिल्यांदाच बोलली होती. बाबा जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. त्यात ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांच्या मते ऑपरेशन उत्तम झालं होतं. आईच्या मते तिचं सगळं झालं होतं. वॉकर पलंगाशेजारी उभा असे आणि आई त्याच्याकडे आगंतुक पाहुण्याकडे बघावं तशी बघे. तो जायची वाट बघत.

घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मी दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि माझी रजा संपत आली होती. फिजिओ मुलीनं स्पष्टच सांगितलं होतं: कुणाचा हात न धरता घरातल्या या बोळातून टोकापर्यंत जाऊन परत येता आलं, तरच आजी इथे एकट्या राहू शकतील. नाहीतर त्यांना तुमच्याकडे न्या. म्हणजे घर रिकामं करायचं. बाबांची खुर्ची, बाबांचे कपडे, भिंतीला टेकवून उभ्या ठेवलेल्या बाबांच्या रेकॉर्ड, सगळं कुठेतरी देऊन टाकायचं.

"तुझ्याकडे येईन की," आई म्हणाली होती. "पाहुणी म्हणून. चार दिवस. पाचव्या दिवशी मला माझ्या घरी आणून सोडायचं."

"आणि जिने?"

यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

माझे आईबाबा एका स्केटिंग हॉलमध्ये काम करायचे. लाकडी फरशीचा लांबट हॉल, कडेनं कठडा, छताला आरशांच्या तुकड्यांचा गोळा. बाबा एका कोपऱ्यातल्या उंच खोक्यात बसून रेकॉर्ड लावायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. आई शिकवायची. तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि हे नाव तिला लग्नाआधीपासूनच मिळालेलं होतं. तिसरा माणूस दिव्यांचा. त्याला मी झगमगकाका म्हणायची, अजूनही म्हणते.

संध्याकाळी हॉल गर्दीनं भरून जाई. तेव्हा बाबा सगळ्यांना पाठ असलेली गाणी लावत आणि आई खिडकीशी बसून लोकांना मापाचे चाकांचे बूट देई. दुपारचा तास मात्र आईचा. शिकायला आलेल्या बायका, काही मुलं, मधोमध आई. त्या तासाला बाबा वेगळीच गाणी लावत. ती डिस्कोच असत, पण कुणीही कधी न ऐकलेली. परक्या भाषांतली, कधीच न गाजलेल्या गायिकांची. लेबलावरची नावं आम्हाला धड वाचता येत नसत, म्हणून बाबांनी त्यांना घरची नावं ठेवली होती. एक शिट्टीवालं, ज्यात कडव्यांच्या मध्ये कुणीतरी दुरून शिट्टी वाजवतं. एक दार वाजतंय, कारण त्यातल्या टाळ्या अगदी दारावरच्या थापांसारख्या. एक रुसलेली बाई. एक दोन ढोल. त्यातला दुसरा ढोल पहिल्याच्या किंचित मागून येतो, धापा टाकत. मी शाळा सुटली की दप्तर कठड्याला अडकवून या गाण्यांवर फेऱ्या मारायची. माझं लहानपण म्हटलं की मला हीच गाणी ऐकू येतात. नाचायची गाणी असूनही मला ती दुःखी वाटायची. रुसलेल्या बाईला तर काहीतरी फार मोठं गमावल्यासारखा आवाज होता.

बाबा ही गाणी घरी कधी लावत नसत. घरी एक साधा रेकॉर्ड प्लेअर होता, पण "ती हॉलची गाणी, हॉलमध्येच बरी" असं म्हणून ते विषय बदलत.

मी पुस्तकांत वाढलेली. बाबांच्या या आवडीचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. ते गेल्यावर हॉलची जुनी माणसं जमली, तेव्हा मी तो बोलूनही दाखवला. जगानं बाजूला टाकलेल्या गोष्टींना माझ्या वडिलांनी दुपारचा एक तास दिला, असं मी म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. शेवटच्या रांगेत झगमगकाका रुमालात तोंड खुपसून खोकत होते.

तर, गाणी लावायचं सुचवून फिजिओ मुलगी गेल्यावर मी रेकॉर्डच्या लेबलांवरची नावं एकेक अक्षर बघत मोबाइलवर टाकली. घरचा प्लेअर केव्हाच मोडीत गेला होता. मला वाटलं होतं, असली गाणी कुठली सापडायला! पण एकेक करत बरीच सापडली. कुणी ना कुणी, कुठे ना कुठे, ती जपून ठेवली होती. मी त्यांची प्लेलिस्ट केली, तिला 'आईचं चालणं' असं नाव दिलं, सुरुवातीला शिट्टीवालं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला पलंगाच्या कडेला बसवून ते लावलं.

आईनं कान दिला. मग कपाळाला आठी घातली.

"कोण गं ही?"

"तीच. शिट्टीवाली."

"छे! ही कोणीतरी कोवळी पोर आहे. आपली बाई जाड्या आवाजाची. सर्दी झाल्यासारखी."

"आई, तीच आहे. नाव बघूनच लावलंय."

"मग नाव चुकलं असेल."

"बरं, असू दे दुसरी. ठेका तर आहे ना? ऊठ. टाक पाऊल."

ती वॉकरला धरून उभी राहिली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकताना चाचपडली आणि मटकन खाली बसली.

"टाक ना."

"कुठे टाकू? जागा तरी ठेवलीय का हिनं मध्ये?" आईचे डोळे भरून आले होते. "यांच्या गाण्यांत असं नव्हतं. यांच्या गाण्यांत मला कधी धावावं लागलं नाही. बंद कर ते."

मी दार वाजतंय लावलं. दोन ढोल लावलं. प्रत्येक वेळी तेच. ही ती नव्हेत. तू भलतीच गाणी आणलीस. शेवटी तिनं उशीखालचा रुमाल काढून तोंडावर टाकला. दुपारी जेवली नाही. फिजिओ मुलगी आली तेव्हा तिला म्हणाली, "तू उगीच जिने चढतेस बाई. मला नाही जमायचं."

मुलीनं बाहेर बोळात येऊन मला हळूच विचारलं, "पुढच्या आठवड्यात मला लिहून द्यायचंय. काय लिहू?"

खरं सांगायचं तर ती गाणी मलाही परकी वाटत होती. पण बाबा गेल्यापासून मला चहासुद्धा परका वाटत होता, त्यामुळे मी स्वतःवर विश्वास ठेवत नव्हते. तरी खात्री करून घ्यावी म्हणून, असल्या रेकॉर्ड जमवणाऱ्या एका परदेशी गृहस्थांना मी लिहून विचारलं, की या गाण्याची दुसरी आवृत्ती आहे का, जाड्या आवाजाच्या गायिकेची? त्यांचं उत्तर लगेच आलं. दुसरी आवृत्ती नाही. या मुलीनं आयुष्यात ही एवढीच रेकॉर्ड केली. तुम्हाला ती माहीत आहे, याचंच मला आश्चर्य वाटतं.

मग एकच उपाय उरला. आपली रेकॉर्ड आपल्याच प्लेअरवर लावून बघायची. हॉल बंद झाला तेव्हा बाबांचा रेकॉर्ड प्लेअर झगमगकाकांनी नेला होता. त्यांचं दिवे दुरुस्तीचं दुकान आहे. मी गेले तेव्हा ते एका टेबललॅम्पची मान सरळ करत बसले होते.

"भिंगरी काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

"भिंतीशी बोलतेय. काका, बाबांचा प्लेअर चालतो का हो अजून?"

"न चालायला काय झालं? तुझ्या बाबानं लेकरासारखा सांभाळला होता. तुझ्यापेक्षा जास्तच."

त्यांनी फळीवरून तो उतरवला, फडक्यानं पुसला. मी तो हॉलच्या खोक्यात खालून पुष्कळदा पाहिला होता, पण इतक्या जवळून कधी नाही. तिथे चढायची आम्हाला परवानगी नव्हती. उजव्या कडेला वेग कमीजास्त करायची एक सरकती कळ होती. मधल्या खुणेवर ठेवली की रेकॉर्ड आपल्या मूळ वेगानं फिरते. ती मधल्या खुणेवर नव्हती. चांगली खाली ओढलेली होती आणि हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी जुनी, पिवळी पडलेली. तिच्या वर, मधल्या खुणेच्या दिशेनं, आधी कधीतरी लावून काढलेल्या पट्ट्यांचे चिकट डाग होते, पायऱ्यांसारखे एकाखाली एक.

"हे काय आहे?" मी विचारलं.

काकांनी टेबललॅम्प बाजूला ठेवला.

"तुला ठाऊक नाही?" ते म्हणाले. "म्हणजे त्यानं तुलाही नाही सांगितलं? कमाल आहे बुवा तुझ्या बापाची."

"काय सांगितलं नाही?"

"तू अगदी लहान होतीस तेव्हा वहिनी पडल्या होत्या बघ. गुडघ्याची वाटी फुटली."

ते मला माहीत होतं. आईच्या गुडघ्यावरचा व्रण मी बोटानं गिरवत झोपायची.

"डॉक्टर म्हणाले, स्केटिंग विसरा. पण वहिनी कसल्या ऐकतात! गुडघा वाकायला लागल्याबरोबर हॉलमध्ये हजर. मास्तरनं त्यांचं आवडतं गाणं लावलं, त्या वेळी सगळीकडे वाजत असलेलं. त्या निघाल्या. अर्ध्या फेरीत गाणं पुढे गेलं, वहिनी मागे राहिल्या. बाकावर बसल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि म्हणाल्या, संपलं. मी वर शिडीवर होतो. मला वरून मास्तरचं तोंड दिसत होतं."

बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि दुकानातले सगळे टांगलेले दिवे किणकिणले.

"दुसऱ्या दिवशी त्यानं तेच गाणं वेग उतरवून लावलं. वहिनींनी दोन क्षणांत ओळखलं. म्हणाल्या, 'गाणं असं रडतंय का? माझ्यासाठी हळू केलंत? मला भीक नको.' आठ दिवस बोलल्या नाहीत त्याच्याशी. पाठ असलेलं गाणं हळू केलं की कळतंच गं कुणालाही. मग तो जायला लागला रेकॉर्डच्या दुकानात. मागच्या बाजूला न खपलेल्या रेकॉर्डची खोकी पडलेली असायची, त्यातून निवडायचा. दुकानदार म्हणायचा, मास्तर, हे कुणी ऐकत नाही. मास्तर म्हणायचा, खात्री आहे ना? मग द्या."

काकांनी स्टूल पुढे सरकवलं.

"जे गाणं कुणी ऐकलंच नाही," ते म्हणाले, "त्याचा खरा वेग कुणाला ठाऊक असणार?"

"आणि आईला कधीच कळलं नाही?"

"वहिनींना वाटलं, पाय पहिल्यासारखा झाला. ठेक्यावर ठेका पडतोय म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? अगं, मीसुद्धा सामील होतो. आरशांच्या गोळ्याची मोटर तशीच फिरत राहिली असती तर भिंतीवरचे ठिपके त्यांच्या पुढे पळाले असते. मी तिला पंख्याचा रेग्युलेटर बसवला. मास्तरनं कळ खाली ओढली की मी रेग्युलेटर फिरवायचो. पाय जसा कुरकुरायला लागला तसं दर एकदोन वर्षांनी आणखी जरा खाली." त्यांनी चिकट डागांवरून अंगठा फिरवला. "तू त्या दिवशी बोललीस ना, जगानं बाजूला टाकलेली गाणी न् काय काय… मला हसू आवरेना. मास्तर असता तर लाजून खोक्याखाली लपला असता. त्याला त्यातली निम्मी गाणी आवडायचीसुद्धा नाहीत. रुसलेल्या बाईला तर तो शिव्या द्यायचा."

मी हसले. मग रडले. काकांनी पुन्हा टेबललॅम्प घेतला आणि त्याची मान सरळ करत राहिले. बाबा गेल्यानंतर मी कुणासमोर रडले नव्हते.

रेकॉर्ड फिरायचा वेग कमी केला की आवाजही जड होतो, खाली जातो. कोवळी मुलगी प्रौढ बाई होते, तिला सर्दी होते, तिचं काहीतरी हरवतं. लहानपणापासून मी ज्या आवाजांवर जीव टाकला होता, ते आवाज कुणाचेच नव्हते. ती गाणी जगात कुठेही नव्हती. ती फक्त त्या हॉलमध्ये होती, दुपारच्या तासाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका प्लेअर खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आले. दारातच धापा टाकत म्हणाले, "वहिनी, कुठे आहात? मला वाटलं तुम्ही खाली घ्यायला याल."

"मी आले असते तर तुम्हालाच उचलून आणावं लागलं असतं," आई आतून म्हणाली. "पोट बघा किती सुटलंय."

"पोट नाही ते. आठवणी आहेत."

"तेलकट दिसतात."

काकांनी बोळाच्या तोंडाशी स्टुलावर प्लेअर मांडला, स्पीकर जोडले. आईला तो दिसला. तिनं पदर सावरला, जणू कुणी वडीलधारं माणूस घरात आलं होतं.

"तुझ्या मोबाइलमध्येच काहीतरी बिघाड होता म्हणे," ती मला म्हणाली.

असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःच ठरवलं होतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं असेल तर हीच वेळ होती. रात्रभर मी हाच विचार केला होता. इतक्या वर्षांनी तिला कळायला नको का, की एका माणसानं तिच्यासाठी काय केलं? तो माणूस आता नाही, तर निदान त्याचं प्रेम तरी तिला पुरतं कळू दे, असं वाटत होतं. पण तिनं हात पुढे करून वॉकर स्वतःच जवळ ओढला. महिनाभरात पहिल्यांदा. आणि मला बाकावर बसून नाड्या सोडणारी बाई दिसली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "मोबाइलच बिघडलाय."

मी शिट्टीवालं लावलं. सुई टेकली, खरखर आली, आणि मग ती आली, जाड्या, घोगऱ्या आवाजाची.

"बघ!" आई म्हणाली. "हीच ती. सर्दीवाली."

ती उभी राहिली. पण शेवटची पट्टी लावली गेली तेव्हाचा तिचा पाय आणि आजचा पाय यांच्यात पुष्कळ अंतर होतं. तिचं पाऊल ठेक्याच्या जवळ येई आणि निसटे. काकांनी खोकून मला खूण केली आणि तिच्यासमोर जाऊन हातवारे करत कुठलातरी जुना किस्सा सांगायला लागले. मी नखानं पट्टी उचलली आणि कळ खाली सरकवली. अगदी हळूहळू, आवाजात झोल येणार नाही अशी. बाबांनी दर वेळी किती जपून सरकवली असेल, ते माझ्या बोटाला कळत होतं.

आईचं पाऊल ठेक्यावर पडलं. मग दुसरं. दूर कुठेतरी शिट्टी वाजली, पहिल्यापेक्षाही खोल, भिंतीपलीकडून वाजावी तशी. आई बोळातून चालत गेली. न्हाणीघराचं दार ओलांडलं, बाबांच्या खुंटीवरचा कोट ओलांडला, खिडकीपर्यंत पोचली. तिथे वॉकर वळवताना तिनं डावा हात सोडला आणि क्षणभर बाजूला धरला, तळवा वर करून. हॉलच्या वळणावर ती शिकणाऱ्या बायकांना असा हात द्यायची. तिथे कुणी नव्हतं. तिनं हात परत वॉकरवर ठेवला आणि माघारी आली.

"पाहिलंस?" धाप लागलेली असताना ती म्हणाली. "वेग तसाच आहे माझा."

"तसाच आहे," मी म्हणाले.

काका स्पीकरच्या वायरींत काहीतरी शोधत खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात फिजिओ मुलीनं हवं ते लिहून दिलं. तिला शिट्टीवालं फार आवडलं. तिच्या बाकीच्या पेशंटना लावते म्हणाली आणि माझ्याकडून नाव उतरवून घेतलं. मी नाव सांगितलं. अजून काही सांगून उपयोग नव्हता. कळीवर मी नवी पांढरी चिकटपट्टी लावली. पायाकडे बघून ती वरखाली करायचं काम काकांनी घेतलं आहे. दर रविवारी ते सुई साफ करायच्या निमित्तानं येतात आणि पोटावरून आईची बोलणी खाऊन जातात.

निघताना आई दारापर्यंत चालत आली. "पोचलीस की कळव," म्हणाली. आणि मग, "यांना फार आवडायची गं ती गाणी. जीव होता यांचा रुसलेल्या बाईवर."

"हो ना," मी म्हणाले आणि जिने उतरले.

बसमध्ये मी कानात इअरफोन घालून 'आईचं चालणं' लावलं. आता मी ती गाणी जशी आहेत तशी ऐकू शकत होते. रुसलेली बाई रुसलेली नव्हतीच. ती विशीतली कुणी मुलगी होती, भरधाव, आनंदात, श्वास घ्यायलाही न थांबणारी. तिचं काहीच हरवलेलं नव्हतं.

गाणं माझ्या अंदाजापेक्षा लवकर संपलं. माझ्या कानात हॉलमधलं अजून थोडं उरलं होतं. पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत मी मोबाइल बंद केला आणि उरलेलं ऐकू येईनासं होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.